रेवाल घोडा फक्त मिरवायला?

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे व्हिडिओ फिरू लागले, की मागोमाग हा सल्लाही येतो: ‘रेवाल चालीचा, म्हणजे स्वाराला न उसळवता झपझप चालणारा घोडा मिरवायला ठीक. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तो मागे पडतो, लवकर दमतो, डॉक्टर त्याला बाद करतात. तिथे अरबीच हवा.’ चार दावे, आणि त्यांतला शेवटचा तेवढा अर्धा खरा.

आधी वेग. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही या खेळातली नावाजलेली शर्यत १९५५ पासून चालते. १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, २४ तासांत. भागाकार करा: ताशी सात किलोमीटरही होत नाहीत. आइसलँडचा घोडा ‘टोल्ट’ या चालीत पावलापावलाच्या संथपणापासून थेट दौडीच्या वेगापर्यंत जातो. पहिला नंबरच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

दमण्याचं मात्र नीट बघायला हवं. दुडकीत तिरप्या रेषेतले दोन पाय (पुढचा डावा, मागचा उजवा) एकदम पडतात, मधे घोडा क्षणभर हवेत असतो आणि स्वार उसळतो. टोल्टमध्ये चार पाय एकामागून एक पडतात, एखादा तरी खूर जमिनीवर असतोच. आपली रेवाल याच कुळातली. यात सुख स्वाराच्या कमरेला. घोड्याचं म्हणाल तर आइसलँडिक घोड्यांवर तुलना झाली तेव्हा सारख्या वेगाला टोल्ट आणि दुडकी दोन्हींत हृदयाचे ठोके जवळपास सारखेच भरले. म्हणजे चाल घोड्याला दमवत नाही, तशी फुकटची ताकदही देत नाही. हां, चाल बिघडून एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडायला लागले तर खडकाळ उतारावर हाल होतात, हे कबूल.

मग दमलेला रेवाल घोडा लोकांनी पाहिला कुठे? मिरवण्याच्या मैदानात. लगाम आवळलेला, मान आभाळाकडे, पाठ दबलेली. तसं तासभर चालवलं तर अरबीही फेस गाळेल.

आता डॉक्टर. शर्यतीत मधे मधे तपासणी होते, तिथे डॉक्टर घोड्याला दुडकीने पळवून बघतात, कारण लंगडणाऱ्या घोड्याचं डोकं दुडकीत लगेच झोल खातं. चारही पाय सुटे पडणाऱ्या चालीत ते लपू शकतं, एवढी अडचण खरी. पण चाल वेगळी म्हणून घोडा बाद होत नाही. दर तपासणीत ती एकसारखी दिसली पाहिजे. हातात धरून दुडकी शिकवून ठेवलीत तर प्रश्नच मिटला.

आणि अरबी? जिंकतो तोच जास्त, वाद नाही. पण तो जिंकतो हलक्या बांध्यावर आणि पातळ कातडीवर. अंगातली उष्णता झटकन बाहेर जाते, हृदयाचे ठोके लवकर मिनिटाला ६४ वर, म्हणजे तपासणीत पुढे जाऊ देतात त्या आकड्यावर, येतात. जड मांसल घोडा दुडकीने पळाला तरी इथेच अडकतो. उलट वाळवंटात वाढलेला सडपातळ, रेवाल चालीचा मारवाडी घोडा मला तरी आशेचा वाटतो.

तेव्हा सारंगखेड्याला घोडा बघायला गेलात तर चाल बघून झाल्यावर अर्धा तास पळवायला सांगा, खोगीर उतरवा, डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा आणि पंधरा मिनिटांत ठोके ६४ वर येतात का ते घड्याळ लावून बघा. व्यापारी वेड्यासारखा तुमच्याकडे बघेल, बघू द्या.