कामाला घरची, दिवाळीला परकी

धनतेरसच्या आदल्या दिवशी आमच्या कंपनीच्या गेटवर टेम्पो लागतो. काजूकतलीचा डबा, स्टीलचं काहीतरी आणि एक पाकीट. एचआरचा मुलगा यादी घेऊन लॅबमध्ये येतो आणि टेबलाटेबलावर डबे ठेवत जातो. माझ्या टेबलापाशी आला की त्याला दरवर्षी मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं बघायचं असतं. बिचाऱ्याचा दोष नाही. माझ्या गळ्यातली पट्टी पिवळी, बाकीच्यांची निळी. पिवळी म्हणजे एजन्सीची माणसं. सहा वर्षं झाली, आता मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं. काजूकतलीचं नाही वाटत (ती आपल्या बडोद्यात, दांडिया बाजारात याहून चांगली मिळते). त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन येतो त्याचं वाटतं. "बेन, तमे तो घरना माणस छो, काले जरा आवी जजो ने." (तुम्ही तर घरचं माणूस, उद्या जरा येऊन जा ना.)

म्हणजे कामाला घरची आणि दिवाळीला परकी.

माझी नोकरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सावली रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला आहे. सकाळी काळ्या घोड्याच्या चौकातून बस. करार अकरा महिन्यांचा, आणि तो कंपनीशी नाही, अलकापुरीतल्या एका एजन्सीशी. त्या ऑफिसात मी सहा वर्षांत सहाच वेळा गेले, दर वेळी सही करायला.

साहेब वाईट माणूस नाही. ओरडत नाही, शिवी तर कधीच नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं, घरी येऊन सांगता तरी आलं असतं. त्याची पद्धत वेगळी. तो सगळं तोंडी सांगतो. "ऑडिट येतंय, जरा बघून घ्या." काय बघायचं, कधीपर्यंत, कुणाच्या वाट्याचं, काही नाही. दोन दिवसांनी नेमकं जे राहिलं असेल त्यावर "मी तर तुम्हाला सांगितलं होतं." आणि जे केलं असेल त्यावर "असं मी कुठे म्हटलं?" कराराचे शेवटचे दोन महिने आले की याच्या जोडीला "तुमच्या नावाची वर चर्चा चालू आहे" सुरू होतं. त्या दोन महिन्यांत माझ्या पर्समध्ये अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी असते. रिंगटोन मी तीनदा बदलली. उपयोग शून्य, नवीन सुरावटीलाही आठवड्याभरात छातीत धडधडायला लागतं.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवत असेलच. विश्वामित्री नदी शहरात शिरली, रस्त्यांवर मगरी निघाल्या. आम्ही समा भागात राहतो, तळमजल्यावर. गाद्या माळ्यावर, फ्रीज टेबलावर आणि आम्ही चौघं वरच्या शेजाऱ्यांकडे. लाइट नाही, मोबाईलला बारा टक्के चार्ज. अशात साहेबांचा फोन. मला वाटलं विचारपूस असेल. "बेन, ट्रॅक्टर चालू आहेत म्हणतात. मेन रोडपर्यंत येता येईल का?" मी म्हटलं, साहेब, खाली मगर आहे. (खरंच होती की शेजारच्या काकांचा भास, देव जाणे. मी ठोकून दिलं.) पुढच्या महिन्यात निळ्या पट्टीवाल्यांना ते दिवस खास रजा म्हणून मिळाले आणि माझा तीन दिवसांचा पगार कापला गेला. काम नाही तर दाम नाही. नियमाप्रमाणे बरोबर असेलही. मग "घरना माणस" कुठल्या नियमात बसतं?

यावर मिळणारे सल्ले मला पाठ आहेत. सोडून दे. हे म्हणणाऱ्यांनी माझ्या घराचा हप्ता किती आहे हे आजवर विचारलेलं नाही. दुसरा, पॉझिटिव्ह राहा. आमच्या कंपनीने तर गेल्या वर्षी तणावमुक्तीवर अर्ध्या दिवसाची कार्यशाळाच ठेवली होती, हॉलमध्ये, समोशासकट. फक्त निळ्या पट्ट्यांसाठी. ते तिथे डोळे मिटून खोल श्वास घेत होते तेव्हा त्यांचे नमुने मशिनवर मी चालवत होते.

मला मार्ग सापडला तो याच लॅबमध्ये, आणि इतकी वर्षं तो नाकासमोर होता याची लाज वाटते.

औषधाच्या लॅबमध्ये एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. पेन्सिल चालत नाही, व्हाइटनर चालत नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. जे केलं ते त्याच वेळी लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. फ्रीजचं तापमानसुद्धा आम्ही दिवसातून दोनदा सही करून लिहितो. आणि त्याच खोलीत माझा रविवार कुठेच लिहिलेला नव्हता! पिवळ्या पट्टीचा हजेरीचा पंच रविवारी लागत नाही, म्हणून गेटवरचा वॉचमन माझं नाव व्हिजिटरच्या रजिस्टरात घ्यायचा. घरची माणसं, आणि रजिस्टर पाहुण्यांचं.

माझे आजोबा गायकवाडी दफ्तरात कारकून होते, १९४९ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत. सयाजीरावांच्या राज्यात कायद्याला निबंध म्हणत आणि हुकूम आज्ञापत्रिकेत छापून येत. आजोबांना त्याचा केवढा अभिमान. घरात कुणी "अमका असं म्हणाला" म्हटलं की ते विचारायचे, "लेखी आहे?" आम्ही पोरं हसायचो. दुधाच्या हिशेबालासुद्धा लेखी मागणारा म्हातारा.

तर मी एक साधी वही केली. आणि साहेबांनी तोंडी काही सांगितलं की टेबलावर येऊन दोन ओळींची मेल. "आपल्या सकाळच्या बोलण्याप्रमाणे अमुक काम मी बुधवारपर्यंत करते, तमुक काम माझ्याकडे नाही असं समजते. काही वेगळं असल्यास कळवावे." तक्रारीचा एक शब्द नाही. पहिल्या आठवड्यात साहेब दारात येऊन म्हणाले, "बेन, हवे मेल करवा लाग्या?" (आता मेल करायला लागलात?) मी म्हटलं, साहेब, वय झालं, लक्षात राहत नाही. नंतर गंमत झाली. ते सांगण्याआधी थांबायला लागले. रविवारचे फोन बंद झाले नाहीत, पण महिन्याला चारवरून एकावर आले.

पण खरी मजा पुढे. रविवारच्या पगाराबद्दल विचारलं तेव्हा एजन्सी म्हणाली की हजेरीत नोंदच नाही. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. रात्री भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक मशिनचं लॉगबुक असतं. मशिन कुणी चालवलं, किती वाजता, कुठल्या बॅचसाठी, खाली सही. माझ्या चौदा रविवारांचा पुरावा त्यांच्याच कपाटात कुलूपबंद होता. बॅचबिच काही न लिहिता मी फक्त चौदा तारखा आणि वेळा लिहून पाठवल्या, "लॉगबुकाशी ताडून पाहावे." आता मी आलेच नव्हते म्हणायचं तर त्या दिवशी तपासणी केली कुणी? औषध कंपनीत हा प्रश्न कुणालाच उघड्यावर नको असतो. नऊ रविवारांचे पैसे आले. पाच "समायोजित" झाले म्हणे. कशात, ते अजून विचारते आहे.

मग चटकच लागली. पीएफचं पासबुक उघडून बघितलं तर पगारातून दर महिन्याला कापलेले चार महिन्यांचे पैसे जमाच नव्हते. एजन्सीला लिहिलं आणि प्रत कंपनीच्या एचआरला टाकली. ती प्रत महत्त्वाची. ठेकेदाराच्या माणसांच्या पीएफची जबाबदारी शेवटी ज्याच्याकडे आपण राबतो त्या मूळ मालकावर येते, मग तो ठेकेदाराकडून वसूल करो न करो. तीन आठवड्यांत पैसे जमा. पिवळ्या पट्टीवाल्यांनो, आज रात्री पासबुक उघडा, एवढं माझं ऐका.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले तेव्हा "आता एका वर्षात ग्रॅच्युइटी" असा मेसेज मला निदान दहा जणांनी पाठवला, दोघांनी पेढ्याच्या चित्रासह. ती सोय ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर घेतलेल्यांसाठी आहे. म्हणजे मालक स्वतः तुम्हाला मुदत घालून घेतो ते. एजन्सीमार्फत आलेल्यांचं प्रकरण वेगळं, तिथे पहिला प्रश्न असतो तुमचा मालक कोण. पेढे वाटण्याआधी नेमणूकपत्रावर शिक्का कुणाचा आहे ते बघा.

हे सगळं करून मी खूश आहे का? नाही. पट्टी पिवळीच आहे. वहीमुळे करार पक्का होत नाही, आणि "फार लिहिणारी बाई" म्हणून उद्या हाच करार वाढणार नाही हेही मला कळतं. ह्यांना त्याचीच भीती वाटते. पण वही नसती तरी तेच झालं असतं, फक्त का ते मला कळलं नसतं. झोप थोडी परत आली आहे. मधे एक रात्र फार वाईट गेली होती, तेव्हा १४४१६ ला, मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन केला होता. सरकारी आहे, फुकट आहे, बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही.

मला एवढंच फावत नाही (म्हणजे जमत नाही; बडोद्याचं मराठी, पुणेकरांनी माफ करावं), की कुणी मला घरचं म्हणावं आणि मी भाळावं. साहेबांनी आपलं म्हणावं म्हणून मी पाच वर्षं जीव टाकला. आता करार आहे ना, तर करारासारखंच वागू या, दोन्ही बाजूंनी.

गेल्या मंगळवारी सातव्यांदा अलकापुरीला गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. एजन्सीच्या मुलाने कागद पुढे केला. या वेळी मी सगळी पानं वाचली, तो घड्याळ बघत राहिला. शेवटी सही केली, खाली तारीख टाकली आणि सवयीने वेळही टाकली, ११:४०.

"बेन, टाइम केम लख्यो?"

मी म्हटलं, लॅबची सवय आहे. आणि एक झेरॉक्स दे.