खोपोलीचा बेत, पुन्हा एकदा

गेली ३ वर्षं आमचं इमॅजिकाला जायचं ठरतंय नि मोडतंय. पार्क खोपोलीला, आम्ही गुहागरला. पेणपर्यंत मुंबई-गोवा हायवे, तो २०११ पासून रुंदच होतोय, म्हणजे पहाटे ३ लाच निघायला हवं. पण काका म्हणणार, "आंबा उतरवून झाला की बघू." आंबा संपेतो पाऊस हजर! थीम पार्क नि वॉटर पार्कची तिकिटं वेगळी, हे तर मी दर वेळी नव्याने समजावतो. आणि उंचीची अट? धाकट्याला दाराच्या चौकटीशी उभं करून महिन्यातून तीनदा मोजतोय. पोर वाढलं, बेत आहे तिथेच. काल काकू विचारते, "आत घावणे नेऊ देतात ना रे?"