चौथं नाव

इथं न्यूझीलंडच्या हिवाळ्यात पहाटे साडेचारला मी उठतो तेव्हा गावाकडं रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप ऐन भरात आलेला असतो. गेल्या मंगळवारी उठलो तर एकशे चौदा मेसेज. कुणी गेलं की काय म्हणून छातीत धस्स झालं. गेलं कुणी नव्हतं. घाटातल्या दगडावरून भांडण पेटलं होतं.

आमचा घाट म्हणजे धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेत, सात-आठ वळणांचा रस्ता. नकाशात त्याला नाव नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आणि आजूबाजूच्या चार गावांनी सरकारी कामावर तो डोंगर फोडून काढला. तिसऱ्या वळणावर शेंदूर फासलेला एक दगड होता. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिथं दरड बसली आणि चार माणसं खाली सापडून गेली. त्यांच्या घरच्या बाया दर आखाडात तिथं नारळ फोडायच्या. आता रस्ता रुंद व्हायलाय. जेसीबीनं तो दगड उपटून नालीत लोटला. गावातल्या पाच-सहा पोरांनी तो बाहेर काढला, धुतला, आणि म्हणाली, नुसता दगड नको, चौघांची नावं कोरून फलक लावू.

त्यावर माझ्याच चुलतभावानं लिहिलं, "दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची नावं लावून गावाची गरिबी वेशीला टांगायची का? येणाऱ्या-जाणाऱ्याला काय दाखवायचंय, आमचे बापजादे उपाशी मरायले होते म्हणून?" खाली बावीस अंगठे. मग दुसऱ्या कुणीतरी सुचवलं, घाटाच्या तोंडाशी कमान बांधू, पुढाऱ्याच्या आईच्या नावानं. तिला एकोणचाळीस.

मी चार ओळी लिहिल्या. लगेच उत्तर आलं, "तू डॉलर पाठव, अक्कल पाठवू नको."

फोन खिशात टाकून मी डेपोत गेलो. जून महिना, अंधार, काचेवर बर्फाचा थर. बर्फात चाकांना लावायच्या चेन मोजून गाडीत टाकल्या, रस्ता उघडा आहे का ते बघितलं. दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. गरिबी वेशीला टांगायची का.

मी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, टे अनाऊहून मिलफर्ड साऊंडला जाणारी बस चालवतो. आठवं वर्ष आहे. एकशे वीस किलोमीटरच्या वाटेत माईकवर प्रवाशांना रस्त्याची गोष्ट सांगणं हा कामाचाच भाग आहे, त्यामुळं ती मला झोपेतही येते. १९२९ मध्ये या रस्त्याचं काम सुरू झालं. मंदीनं बेकार झालेली माणसं सरकारनं रिलीफच्या कामावर आणून इथं तंबूत ठेवली. होमरचा बोगदा १९३५ ला सुरू झाला तेव्हा हातात टिकाव, फावडं आणि ढकलगाडी घेतलेली पाच माणसं होती. सव्वा किलोमीटरचा अखंड खडक, दहाला एक असा उतार. कड्यांच्या मधोमध तंबू. वर्षातले निम्मे महिने तिथं थेट ऊन पोचत नाही. १९३६ साली हिमलोटाखाली पर्सी ओव्हर्टन गेला. पुढच्या वर्षी अभियंता डॉन हल्स आणि त्याच्यासोबत टॉम स्मिथ. बोगदा आरपार झाला १९४० ला. मग युद्ध आलं, काम थांबलं, १९४५ च्या हिमलोटानं बोगद्याचं तोंड मोडून टाकलं, आणि लोकांसाठी रस्ता खुला व्हायला १९५४ उजाडलं.

ही तीन नावं मी आठवड्यातून पाच वेळा घेतो. बीड जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडून.

गेल्या जानेवारीत बसमध्ये एक आजीबाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, सोबत मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बोगद्याच्या अलीकडं सिग्नल लाल होता आणि गाड्यांची रांग लागली होती, तेव्हा मी पार्किंगमध्ये घेऊन दहा मिनिटं थांबलो. किआ नावाचे इथले डोंगरी पोपट गाड्यांच्या वायपरचं रबर ओढतात, लोक त्याचे फोटो काढायला लागले. आजीबाई मात्र चालत सरळ बोगद्याच्या तोंडाकडं गेल्या. जितकं जाता येतं तितकं गेल्या आणि हातमोजा काढून खडकावर तळवा टेकवला. बराच वेळ. मग पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक फोटो काढून नातवंडांना दाखवला. चार माणसं, गुडघ्यापर्यंत चिखल, मागं तंबू. त्यातला डावीकडून दुसरा, टोपी मागं सारलेला, तो त्यांचा बाप. परत येताना मला म्हणाल्या, "माझे वडील मंदीत रिलीफवर होते. इथं होते." मान ताठ ठेवून म्हणाल्या. आमचे वडील रझाकारांशी लढले होते, असं आमच्याकडचे म्हातारे ज्या सुरात सांगतात, अगदी त्या सुरात. आणि विचारलं, "त्यांचं नाव माईकवर घ्याल का? एकदाच." मी घेतलं. मागच्या सीटवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. पण त्या दिवसापासून होमरला पोचलो की तीन नावांनंतर ते चौथं मी घेतो.

म्हणून माझं चुलतभावाला विचारणं आहे की रिलीफवर जाणं इथं मानाचं आणि गावाकडं लाजेचं, हे कुणी ठरवलं? काम तेच. टिकाव तोच, दगड तोच, पोटातली आगही तीच.

बहात्तर साली दुष्काळी कामावर कोण गेलं नव्हतं ते सांगा. भूमिहीन गेले, ते तर जाणारच. पण पंचवीस-तीस एकरवाल्यांच्या बायाही गेल्या. आपल्या गावच्या कामावर लाज वाटते म्हणून तोंडावर पदर ओढून दुसऱ्या गावच्या कामावर गेल्या. विहिरींना तळ दिसत होता, जनावरं बाजारात मातीमोल जात होती, रेशनला लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर पोरांना सुकडी. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात करून बघितलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि तो हक्क, भीक नव्हे. २००५ मध्ये देशानं केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यामागं हाच कायदा होता. देशाला शिकवलेली इतकी मोठी गोष्ट आपल्या माणसांनी दगड फोडून कमावली, आणि आपण ती शेजाऱ्याला कळू नये म्हणून झाकायची?

माझी आजी त्या घाटावर होती. चुलतभावाचीही तीच आजी. ती माझ्या वडलांना कडेवर घेऊन जायची, बाभळीला झोळी बांधायची आणि दिवसभर खडी फोडायची. खडीची थप्पी मुकादम फुटपट्टी लावून मोजायचा, ब्रासवर पैसे. दगडाची कपची उडून तिच्या डाव्या भुवईत घुसली होती, तिथं केस परत आले नाहीत. लहानपणी मी त्या जागेवर बोट फिरवायचो. आमच्या माडीवर तिचा फोटो आहे, नारायणपेठी नेसलेला. फोटो काढणाऱ्यानं ती भुवई काळ्या रंगानं भरून दिली आहे. सुधारून द्या, असं त्याला घरच्यांनीच सांगितलं होतं.

चुलतभावाचा मेसेज मला इतका का लागला, ते त्या भुवईमुळं.

आपल्याकडं दगडावर नावं कोरायची रीत नाही असं कुणी म्हणू नये. मुक्तिसंग्रामाचे स्तंभ आहेत, सतरा सप्टेंबरला तिथं झेंडा लागतो, हार पडतो, शाळेतली पोरं ती नावं मोठ्यानं वाचतात. गावोगाव वीरगळ उभे आहेत. कन्नडहून चाळीसगावला उतरणारा घाट अजून औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ओळखला जातो, तिथं कुणाला गरिबी दिसत नाही, गुलामी दिसत नाही. घाम गाळणाऱ्याचं नाव लावायचं म्हटलं की मात्र गावाची अब्रू आठवते.

"गावाला दिवसाआड टँकर, आणि तुला फलक सुचतोय," असंही एकानं सुनावलं. टँकर येतो तो त्याच घाटातून. एवढंच सांगतो.

पुण्यातल्या एका मित्रानं मला वेगळ्या बाजूनं अडवलं. म्हणाला, तुझे गोरे स्वतःच्या माणसांची नावं लिहितात, बाकीच्यांची लिहिली का? मुद्दा खरा आहे आणि तो मला आवडला नाही. मी राहतो त्याच्या शेजारच्या ओटागोत सोन्यासाठी चिनी माणसं राबली. त्यांच्यावर प्रवेशाचा डोईकर होता. या देशात मेलेल्या ४९९ चिनी माणसांच्या अस्थी घेऊन व्हेंटनर नावाचं जहाज १९०२ साली चीनकडं निघालं आणि उत्तरेकडच्या होकिआंगाजवळ बुडालं. किनाऱ्याला लागलेली हाडं इथल्या मूळच्या माओरी लोकांनी उचलून पुरली. कराबद्दल सरकारनं माफी मागितली ती २००२ साली. म्हणजे हाही देश सोयीनंच आठवतो. पण माफी मागितली, पुरणाऱ्यांच्या आणि पुरलेल्यांच्या घरची माणसं आज एकमेकांना भेटतात. शंभर वर्षांनी का होईना. आमच्या घाटाला तर अजून पंचावन्नही झाली नाहीत, ते दिवस पाहिलेली माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत.

आणखी एक गोष्ट इथं घडली ती सांगायलाच हवी. १९८३ साली या रस्त्याच्या देखभालीवरचा पर्यवेक्षक हिमलोटात गेला. त्यानंतर इथं बर्फावर नजर ठेवणारी यंत्रणा बसवली. आता कड्यावर बर्फ साठलं की हेलिकॉप्टरमधून सुरुंग टाकून ते आधीच पाडतात, तोवर रस्ता बंद. हिवाळ्यात सकाळी डेपोत मी "आज बंद" ही पाटी बघतो तेव्हा तो माणूस मला आठवतो. आमच्या घाटात चौघं गेले, मस्टरवरचे त्यांचे अंगठे खोडले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दरडीखाली टोळी कामाला लागली. आजी सांगायची, मुकादम म्हणाला होता, "आज खाडा केला तर पूर्ण हप्ता कापीन."

इतकं सगळं मी तावातावानं ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता थांबलो, कारण पोरांतल्या एकानं मला साधं विचारलं, "काका, तुमची आजी होती ना कामावर. ती चार नावं तुम्ही सांगा की."

मला ती माहीत नव्हती.

पर्सी ओव्हर्टन, डॉन हल्स, टॉम स्मिथ. ही पाठ आहेत. त्या आजीबाईंच्या वडलांचं पाठ आहे. आणि माझ्या आजीनं माझ्या लहानपणी दर उन्हाळ्यात, गच्चीवर वाकळ टाकून झोपताना, ती चार नावं घेतली होती. मी चांदण्या मोजत होतो. पुढं शिकायला इथं आलो, फोनवर ती विचारायची, लेकरा जेवलास का, थंडी लई हाय का. मी तिला घाटाचं कधी विचारलं नाही. फोनमध्ये रेकॉर्डिंगचं बटण होतं. मे २०२१ मध्ये ती गेली. दुसरी लाट होती. इथं बस बंद होत्या, मी डेअरी फार्मवर पहाटेचं मिल्किंग करत होतो. गेलो असतो तर परत यायला एमआयक्यूत, म्हणजे सरकारी विलगीकरणात, खोली मिळाली नसती. म्हणून गेलो नाही. व्हिडिओवर बघितलं. भावानं तिच्या तोंडावरचं कापड सरकवलं तेव्हा त्या भुवईवर रंग नव्हता.

तू तिकडं बसून सांगू नको, असं चुलतभाऊ म्हणतो. तिला खांदा त्यानं दिला. त्याला तसं म्हणायचा हक्क आहे, हे मी मान्य करतो. फलकाबद्दल मात्र तो चुकतोय, आणि मी ते म्हणत राहीन.

रविवारी मी आत्याला फोन लावला. ती तेव्हा दहा वर्षांची होती, झोळी हलवायला तिलाच ठेवलं होतं. तिनं तीन नावं लगेच सांगितली, बापाच्या नावासकट, कुणाच्या वाड्याशेजारी राहायचे त्यासकट. ती मी पोरांना कळवली, त्यांनी घरच्यांना विचारून घ्यावं असं सांगितलं. चौथी बाई होती. तिला सगळे लक्ष्मीची माय म्हणायचे. "तिचं नाव कुणी घेतच नव्हतं रे," आत्या म्हणाली, "मुकादमबी नाही. नवऱ्याच्या नावाम्होरं अंगठा."

आत्याला आठवतं ते एवढं आहे. माहेर केजकडचं, गाव ठाऊक नाही. नवरा ऊसतोडीला गेलेला तो परत आलाच नव्हता. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. उजव्या हातानं घमेलं उचलायची, डाव्या खांद्यात उसण भरायची. ओव्या चांगल्या म्हणायची. दरड बसली तेव्हा मुलगी दीड वर्षांची होती, आणि आजीनं तिला आमच्या झोळीत, माझ्या वडलांशेजारी, संध्याकाळपर्यंत ठेवलं. मग माहेरचा एक म्हातारा बैलगाडी घेऊन आला आणि पोरीला घेऊन गेला. म्हणजे लक्ष्मी आज पन्नाशी ओलांडलेली असेल. केज, अंबाजोगाई, कळंब, त्या बाजूला कुठं असेल आणि हे कुणी तिला वाचून दाखवलं, तर तिच्या आईचं नाव आम्हाला हवं आहे. दगड अजून तिसऱ्या वळणावर आहे, पोरांनी तो ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय.