अंगठा वर

अंदमानहून येऊन चार दिवस झाले, उजव्या कानाला अजून दडा बसलाय. झोंबतंय मात्र दुसरंच.

हॅवलॉकला स्कूबा केलं. 2018 पासून त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप, पण तोंडात जुनंच बसलंय. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, मागून प्रशिक्षकानं मानगूट धरलेली. पाण्यात कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. फुंकलं. समोर पोपटमासा करकर प्रवाळ कुरतडत होता. हा प्राणी प्रवाळ खातो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. आदल्या संध्याकाळी त्याच पांढऱ्या वाळूवर मी बायकोचं नाव लिहिलं होतं. असो. हरखून मी अंगठा वर केला : एक नंबर! पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. बाराव्या मिनिटाला मी बोटीत. उरलेले पैसे परत? छे!

आज सकाळी लातुरात टँकरजवळ समोरच्या काकांनी गाठलं.

"कितीला पडलं?"

"साडेचार हजार."

"अन् पाण्यात किती वेळ?"

"बारा मिनिटं."

काकांनी पाईप दुसऱ्या ड्रमात सोडला. "पाणी घरी आणू देत्यात?"

"नाही हो."

"गोडं?"

"खारं."

"म्हंजे प्यायचं बी नाही, आणायचं बी नाही. नुसतं बुडायचे साडेचार हजार!"

मी फोटो पुढं केला. चष्मा वर सारून त्यांनी तो निरखला, आडवा केला, उभा केला.

"ह्यो कोण?"

"मी."

"कशावरून?"

तोंडावर मास्क, तोंडात नळी, मी काय पुरावा देणार?

"मासा वळखू येलाय," काका म्हणाले, "तुम्ही काय वळखू येईनात." मग त्यांनी तो मोबाईल सगळ्या रांगेत फिरवला. टँकरवाल्यानंही पाहिला.

राग काकांचा नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माणसं त्या गाडीचे फोटो काढत होती. तेव्हा कुणी कुणाला पुरावा मागितला नाही. इतकी वर्षं झाली, आमच्या गल्लीत अजून टँकर म्हटलं की ड्रम घेऊन धावायचं. पाणीपट्टी मात्र वेळेवर, तिला कधी दडा बसत नाही.

मोबाईल हातात परत आला तोवर टँकर रिकामा. माझा ड्रम कोरडाच.

"नाक धरून फुंका," काका म्हणाले, "येईल पाणी."

संध्याकाळी बायकोनं दोन कळशा त्यांच्याकडूनच उसन्या आणल्या. त्यातली एक कळशी घेऊन मी पायऱ्या चढत होतो, तेव्हा काकांनी खिडकीतून मला अंगठा दाखवला. वर.