‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पहिला सीझन: उसनवारीच्या आरोपाला उत्तर

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा आठ भागांचा पहिला सीझन १५ जुलै २०१६ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हापासून त्याच्याबद्दल एक विधान हातोहात फिरते आहे: ही मालिका म्हणजे ऐंशीच्या दशकातील चित्रपटांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी असून तिच्यातले स्मरणरंजन वजा केले, तर हाती काही उरत नाही. ही वजाबाकी करून पाहायला हरकत नाही.

पहिला मुद्दा उसनवारीचा. सायकलींवरून हिंडणारी मुले, त्यांनी घरात लपवलेली अलौकिक शक्तीची मुलगी, सिंथेसायझरचे संगीत, शीर्षकाची लाल अक्षरे हे सारे उसने आहे आणि मॅट व रॉस डफर या जुळ्या भावांनी ते लपवलेलेही नाही. मात्र उसनी आणलेली वस्तू कथेत कोणते काम करते, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. पहिल्याच भागात चार मित्र तळघरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर चालणारा, राक्षसांशी लढण्याचा कल्पनाखेळ खेळत आहेत. त्यांतल्या विलला तेरा किंवा अधिक दान हवे असते, फासा घरंगळून दूर जातो, सात पडलेले खेळ चालवणाऱ्या माइकने पाहिलेले नसते आणि तरीही निघताना विल स्वतःहून सांगतो की सातच पडले होते, राक्षसाने मला गाठले. काही मिनिटांतच हा मुलगा खरोखर नाहीसा होतो. एका फाशाने मुलाचा स्वभावही कळतो आणि पुढचे संकटही सूचित होते. इथे खेळ बदलला, तर प्रसंगच मोडेल. पुढे विलला पळवणाऱ्या अनाकलनीय प्राण्याला ‘डेमोगॉर्गन’ हे नावही मुले याच खेळातून देतात, कारण त्यांच्यापाशी दुसरी भाषाच नसते.

मोबाइल नको म्हणून सोयीसाठी १९८३ साल निवडले, असेही म्हटले जाते. सोय आहे, हे मान्य. पण त्या सोयीतून काय निघते ते पाहा. हरवलेल्या विलची चाहूल देणारा घरचा फोन जळतो, तेव्हा नवा घेण्यासाठी त्याची आई जॉइस हिला मालकाकडे पगाराची उचल मागावी लागते आणि तोही जळल्यावर ती भिंतीवर अक्षरे रंगवून नाताळच्या दिव्यांतून मुलाशी बोलू लागते. एकट्या आईची ओढाताण आणि गाव जिला वेडी ठरवते तिची जिद्द, दोन्ही त्या तारेला लटकलेली आहेत.

ज्यांनी ते दशक जगले त्यांच्याच आठवणी ही मालिका चाळवते, हा मुद्दा तर फारसा टिकतच नाही. डफर बंधूंचा जन्म १९८४चा आहे आणि कथा नोव्हेंबर १९८३मध्ये सुरू होते.

सर्वांत कच्चा मुद्दा मला वाटतो तो गोडव्याचा. स्मरणरंजन भूतकाळाला धुऊन-पुसून समोर ठेवते. इथे मात्र गावाशेजारच्या सरकारी प्रयोगशाळेत मुलांवर प्रयोग होतात आणि त्यांची मुळे मालिका अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या एमके-अल्ट्रा या मनोनियंत्रणाच्या, १९५३मध्ये सुरू झालेल्या खऱ्या प्रकल्पात दाखवते. त्याहून अस्वस्थ करणारा आहे हॉपरचा सौदा. कर्करोगाने मुलगी गमावलेला हा पोलीसप्रमुख विलला परत आणण्याची वाट मिळावी म्हणून इलेव्हन, म्हणजे प्रयोगशाळेतून पळालेली ती अलौकिक शक्तीची मुलगी, कुठे लपली आहे ते प्रयोगशाळेच्या लोकांना सांगून टाकतो. एका मुलाच्या बदल्यात दुसरे मूल. महिन्याभराने तो रानातल्या पेटीत तिच्यासाठी गुपचूप खाऊ ठेवून येतो, तेव्हा त्या कृतीत माया अधिक की अपराधभाव, हे मालिका स्पष्ट करत नाही, आणि तेच योग्य आहे.

आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो बार्बच्या, म्हणजे माइकची बहीण नॅन्सी हिच्या त्याच प्राण्याला बळी पडलेल्या मैत्रिणीच्या, बाबतीत घ्यावा. विलसाठी शोधपथके निघतात. बार्ब मात्र पळून गेली असे गृहीत धरले जाते आणि तिच्यासाठी जिवाचे रान करते ती एकटी नॅन्सी. नाताळच्या समारोपात तर तिच्यासाठी साधा एक शोकाचा क्षणही नाही. ही चूक उसनवारीची नव्हे, पटकथेची आहे, आणि गोधडीच्या आरोपात नेमकी तीच नजरेआड होते.