‘१-४ झालं की संघ मोडा’: फॅन्टसी फुटबॉलमधला महागडा सल्ला

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा पाचवा आठवडा संपला की फॅन्टसी फुटबॉल (खऱ्या खेळाडूंचा स्वतःचा संघ बनवून त्यांच्या गुणांवर दर आठवड्याला एकमेकांशी सामना) खेळणाऱ्यांत, अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ऑफिस लीगमध्येसुद्धा, हा सल्ला फिरायला लागतो: ‘१-४ झालात, म्हणजे पाचपैकी एकच सामना जिंकलात, तर संघ सडलाय. न चालणारा स्टार विका, एकाच्या बदल्यात तीन बरे खेळाडू घ्या, आठवडाभरात अर्धा रोस्टर (खेळाडूंची यादी) बदला. थांबला तो संपला.’ ऐकायला जोरकस आहे, पण आकडेमोडीत टिकत नाही.

‘१-४ म्हणजे संघ सडलेला’

फॅन्टसीत समोरच्याला रोखता येत नाही. तुम्ही १३० गुण केलेत आणि त्याने १३४, तर तुम्ही हरलात, एवढंच. सगळे संघ तंतोतंत सारखे आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेक आहे असं धरलं, तरी पाच आठवड्यांनी १-४ किंवा ०-५ असण्याची शक्यता ३२ पैकी ६ आहे. बारा संघांच्या लीगमध्ये सरासरी दोनहून जास्त संघ निव्वळ नशिबाने तिथे पोचतात.

म्हणून आधी हे मोजा: दर आठवड्याला उरलेल्या ११ संघांपैकी किती जणांपेक्षा तुमचे गुण जास्त होते? पाच आठवड्यांत असे ५५ सामने होतात. त्यातले २८ किंवा जास्त जिंकले असाल, तर संघ ठीक आहे, हात लावू नका. विशीच्या खाली असाल तर खरंच बिघाड आहे. मधे कुठेतरी असाल तर बेंचवर (न उतरवलेल्या खेळाडूंत) किती गुण वाया गेले ते पाहा. चुकीचा खेळाडू उतरवणं हा ट्रेडने (खेळाडूंच्या अदलाबदलीने) बरा होणारा आजार नाही.

‘स्टार चालत नाही, विकून टाका’

२०२३ मध्ये सिनसिनाटीच्या जमार चेस या रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) पहिल्या दोन सामन्यांत ३९ आणि ३१ यार्ड केले आणि चार आठवड्यांत एकही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) नाही. कारण उघड होतं. त्याला पास फेकणारा क्वार्टरबॅक जो बरो, त्याची पोटरी सराव शिबिरातच दुखावली होती आणि पहिल्या सामन्यात त्याचे पासिंग यार्ड होते अवघे ८२. पाचव्या आठवड्यात चेसने ॲरिझोनाविरुद्ध १५ कॅच, १९२ यार्ड आणि ३ टचडाउन केले. प्रत्येक कॅचला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये हे ५२.२ गुण होतात. चौथ्या आठवड्यानंतर ज्याने त्याला विकलं, त्याने हे गुण समोरच्याला दिले.

तेव्हा गुण नंतर पाहा, संधी आधी. रिसीव्हरचे टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास) टिकून असतील आणि फक्त टचडाउन येत नसतील, तर थांबा. पण रनिंग बॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्याचे) स्नॅप, म्हणजे संघाच्या चालींत तो मैदानात असण्याचं प्रमाण, ७० टक्क्यांवरून ४५ वर आले असतील आणि गोल लाइनजवळ चेंडू दुसऱ्यालाच मिळत असेल, तर त्याच्या नावाला किंमत आहे तोवर विका. इथे तो सल्ला बरोबर आहे.

‘एकाच्या बदल्यात तीन’

हा दावा सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. गुण फक्त मैदानात उतरवलेल्यांचे मोजले जातात. समजा, तुमचा स्टार रिसीव्हर सरासरी १८ गुण करतो, फ्लेक्समधला (रिसीव्हर, रनिंग बॅक किंवा टाइट एंड कोणीही चालतो ती जागा) ७ आणि टाइट एंड (पास झेलणारा आणि समोरच्यांना अडवणाराही) ६. एकूण ३१. स्टार देऊन १२, ११ आणि ९ गुणांचे तिघे आणलेत, तर ३२. फायदा एका गुणाचा, आणि जागा करायला दोघांना काढावं लागतं ते वेगळंच. स्टार ठेवून वेव्हरवरून (लीगमध्ये कोणाच्याच संघात नसलेल्यांतून) ९ गुणांचा फ्लेक्स आणि ८ गुणांचा टाइट एंड उचललात, तर ३५ होतात!

वेव्हरवर असे खेळाडू मिळतात का? २०२३ मध्ये एनएफएल ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत निवडला गेलेला रिसीव्हर पुका नाकुआ बहुतेक लीगमध्ये मोकळाच होता. त्याच्याच संघातला मुख्य रिसीव्हर कूपर कप जखमी होता, आणि नाकुआने पहिल्याच सामन्यात १० कॅच घेतले. हंगामाअखेर १,४८६ यार्ड. असा लाभ दरवर्षी होत नाही, पण तुमची भोकं फ्लेक्स आणि टाइट एंडला असतील तर नाकुआची गरजही नाही. १-४ संघाने वेव्हरचं बजेट (मोकळे खेळाडू उचलायला मिळणारी रक्कम) डिसेंबरसाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही.

‘थांबला तो संपला’

नियमित हंगाम १४ आठवड्यांचा धरला तर नऊ सामने उरतात. त्यात ६-३ केलंत तर ७-७, आणि बारातले सहा संघ पुढे जाणार असतील तर तेवढ्यावर जागा मिळू शकते, विशेषतः बरोबरी एकूण गुणांवर सुटत असेल तर. म्हणजे घाई आहे, पण अर्धा रोस्टर उलटवण्याइतकी नाही. एक-दोन नेमके ट्रेड पुरतात.

पहिला: लांब दुखापतीचा खेळाडू ४-१ संघाला विका. एनएफएलच्या इंजर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीवर) गेलेला खेळाडू किमान चार सामने बाहेर असतो. ४-१ वाला थांबू शकतो, तुम्ही नाही. रनिंग बॅक कायरन विल्यम्स २०२३ मध्ये असाच चार सामने मुकला आणि बाराव्या आठवड्यात परतून त्याने २०४ यार्ड केले. १-४ संघाला तोवर फार उशीर झाला असता, ४-१ वाल्याला मात्र तो नेमका वेळेवर मिळाला. अशा वेळी किंमत चांगली येते.

दुसरा: सारख्याच किमतीचे दोन खेळाडू असतील तर ज्याचा बाय वीक (त्याच्या संघाचा सुट्टीचा आठवडा) होऊन गेलाय तो घ्या. नऊ सामन्यांत एक जास्तीचा सामना मिळतो.

प्रस्ताव पाठवताना समोरच्याचं भोक पाहा, स्वतःचं रडगाणं नको. ‘माझी वाट लागलीय’ असं ग्रुपवर लिहिलंत की सगळे किरकोळ भावात स्टार मागतात. आणि अनेक लीगमध्ये ट्रेडला एक-दोन दिवसांचा रिव्ह्यू असतो. सोमवारचा सामना संपला की मंगळवारीच पाठवा, नाहीतर आलेला खेळाडू गुरुवारच्या सामन्याला हाती लागणार नाही.

अख्खा संघ मोडणं फक्त डायनॅस्टी लीगमध्ये शहाणपणाचं, जिथे खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात. तिथे तिशीकडे झुकलेले रनिंग बॅक विकून पुढच्या वर्षीचे पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) घ्या. एका हंगामाच्या लीगमध्ये पुढचं वर्ष नसतंच.