महाबळेश्वरच्या वाटेवर थांबायचे गाव नव्हे, मुक्कामाचे गाव : वाई

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेले बहुतेक पर्यटक वाईत ढोल्या गणपतीला हात जोडतात आणि लगेच पसरणीचा घाट चढू लागतात. माझे स्पष्ट मत असे की वाईला किमान एक मुक्काम द्यावा, आणि गाडी उतरल्या जागीच ठेवून हे गाव पायी पाहावे.

ढोल्या गणपतीचेच उदाहरण घ्या. पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी 1762 च्या सुमारास बांधलेल्या या मंदिरात मूर्तीच्या भव्यतेवर सगळ्यांची नजर खिळते, पण मागे वळसा घालून गेल्यावर दिसते की गाभाऱ्याची पाठभिंत माशाच्या आकारात टोकदार केलेली आहे, कारण कृष्णेच्या पुराचा लोंढा तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा. नदीकाठी बांधायचे तर नदीचा स्वभाव ओळखून बांधावे, ही जाण त्या गवंड्यांना होती. आज पूररेषेच्या आत इमारती उठवणाऱ्यांना ती असती, तर बरे झाले असते.

तिथून मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी असे घाटाघाटाने चालावे. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव असतो आणि तो एकाच वेळी साऱ्या गावाचा नसून प्रत्येक घाटाचा आपापल्या पाळीने होतो, म्हणून शक्य असल्यास त्याच दिवसांत जावे.

दुसऱ्या दिवशी तीनेक किलोमीटरवरचे मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रे आणि वाड्यामागून नदीत उतरणारा घाट यांसाठी सकाळ राखून ठेवावी. घाटावरच्या देवळाजवळ टांगलेल्या मोठ्या घंटेवर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून ती आली, असे सांगतात. चित्रीकरणांमुळे या घाटाला प्रसिद्धी मिळाली खरी, परंतु ‘अमुक गाणे इथलेच’ एवढे ऐकून, छायाचित्र काढून माघारी फिरणारी मंडळी पाहिली की वाईट वाटते. पुढे धोमला नृसिंहाचे देऊळ आहे, आणि तिथे कमळाकृती कुंडात कासवाच्या पाठीवर नंदी बसवला आहे.

मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात उभे केले. विद्येची इतकी जुनी परंपरा असलेल्या गावात पर्यटकांसाठी घाट, वाडे आणि देवळे यांची माहिती देणारी एक नेटकी पायवाट आखणे नगरपालिकेला अवघड नाही. त्यासाठी रोपवे किंवा काचेचा पूल मुळीच लागत नाही. घाटापर्यंत येणाऱ्या गाड्या मात्र आधी थांबवाव्या लागतील.